भेदभावाविरुद्धचा कायदा : कोणत्या खात्यात शोधावा?

भारतात भेदभावाविरुद्ध कायदा आहे काय, असे एखाद्या व्यापारी कुटुंबात विचारले, तर आजोबांपासून नातवापर्यंत सारे जण 'अर्थातच आहे' असे उत्तर देतील. तो कायदा कोणता, असे पुढे विचारले की मात्र उत्तरे निरनिराळी येऊ लागतात. कोणी संविधानाचे नाव घेतो, कोणी 'अ‍ॅट्रॉसिटी'चे, तर कोणी अल्पसंख्याक आयोगाकडे बोट दाखवतो. प्रत्येकाचे उत्तर थोडे खरे आणि बरेचसे अपुरे असते.

वस्तुस्थिती अशी आहे की सर्व प्रकारच्या भेदभावाला लागू पडेल असा एकच सर्वसमावेशक कायदा आपल्या देशात आजही नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने २००६ साली समान संधी आयोगाची शिफारस केली. त्या अनुषंगाने नेमलेल्या प्रा. माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ साली अहवाल दिला. २०१७ साली खासदार शशी थरूर यांनी या विषयावरील खासगी विधेयक लोकसभेत मांडले. पण ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही. परिणामी भेदभावाविरुद्धचे संरक्षण संविधान, केंद्राचे अधिनियम, राज्यांचे अधिनियम, नियम, रिझर्व्ह बँकेची परिपत्रके आणि न्यायालयांचे निकाल अशा अनेक ठिकाणी विखुरलेले आहे.

रोजकीर्दीतील नोंद योग्य खात्यावर गेली नाही, तर वर्षअखेरीस ताळा जुळत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. कायद्याचेही तसेच आहे. तक्रार खरी असूनही ती चुकीच्या कायद्याखाली किंवा चुकीच्या कार्यालयात नेली, तर वर्षे वाया जातात. शिवाय व्यापारी कुटुंब या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना उभे असते. ते कधी कर्जदार, तर कधी धनको असते. कधी भाडेकरू, तर कधी घरमालक. आपल्यावर अन्याय झाला तर दाद कोठे मागावी, हे जसे त्याला ठाऊक हवे, तसेच आपल्या हातून कोणावर अन्याय होत नाही ना, हेही त्याने तपासून पाहिले पाहिजे.

चार प्रश्न

योग्य कायदा सापडण्यासाठी चार प्रश्न क्रमाने विचारावेत. भेदभाव कोणत्या आधारावर झाला : जात, धर्म, लिंग, दिव्यांगत्व की आजार? कोणत्या व्यवहारात झाला : नोकरी, खरेदी-विक्री, घर, कर्ज की वारसा? कोणी केला : शासनाने, खासगी व्यक्तीने की एखाद्या संस्थेने? आणि कोणत्या राज्यात, कोणत्या तारखेला झाला?

शेवटच्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन सूची आहेत. सहकारी संस्था, जमीन यांसारखे विषय राज्यसूचीत येतात. कामगार कल्याण, विवाह, वारसा हे समवर्ती सूचीत येतात आणि त्यांवर केंद्र व राज्य दोघेही कायदे करू शकतात. त्यामुळे सांगलीत जे लागू होते ते बेळगावात लागू होईलच, असे गृहीत धरता येत नाही. याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या घरातच सापडते.

आरंभ घरापासून : मुलीचा वाटा

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ हा जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन व शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मूळ कायद्यात अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क केवळ मुलग्यांना होता. मुलगी सहदायाद नव्हती. मुलगा व मुलगी यांच्यातील हा भेद कायद्यानेच मान्य केलेला होता.

तो भेद दूर करण्याच्या कामी काही राज्ये केंद्राच्या पुढे होती. आंध्र प्रदेशाने १९८६ साली, तमिळनाडूने १९८९ साली आणि महाराष्ट्र व कर्नाटक यांनी १९९४ साली मुलींना सहदायादाचा दर्जा दिला. महाराष्ट्राची सुधारणा २२ जून १९९४ पासून अमलात आली, कर्नाटकाची ३० जुलै १९९४ पासून. मात्र दोन्ही राज्यांनी एक अट घातली होती : त्या तारखेपूर्वी जिचा विवाह झाला, तिला हा हक्क नाही.

समजा, सांगलीच्या एका कुटुंबात दोन बहिणी आहेत. थोरलीचा विवाह १९९२ साली झाला, धाकटीचा १९९६ साली. राज्याच्या कायद्यानुसार धाकटी सहदायाद ठरली. थोरली ठरली नाही. एकाच आईबापांच्या दोन मुलींमध्ये केवळ लग्नाच्या तारखेने हा फरक पडला. तो ९ सप्टेंबर २००५ रोजी लागू झालेल्या केंद्रीय सुधारणेने संपला. आता विवाहित असो वा अविवाहित, मुलगी जन्मतः सहदायाद आहे आणि तिचे हक्क व दायित्वे मुलग्याइतकीच आहेत. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे काय, याविषयी काही वर्षे मतभेद होते. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात 'आवश्यक नाही' असा निर्णय देऊन तो वाद मिटवला.

२० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मात्र या सुधारणेमुळे मोडत नाही. 'आमची वाटणी तोंडी झाली होती' हे म्हणणे सहसा मान्य होत नाही; अपवादात्मक प्रसंगी, सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल, तरच ते स्वीकारता येते. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत ही वेगळी बाब आहे. तिची व्यवस्था ते मृत्युपत्राने आपल्या इच्छेनुसार करू शकतात.

हा प्रश्न केवळ न्यायालयापुरता मर्यादित राहत नाही. वडिलोपार्जित गाळा किंवा गोदाम तारण ठेवून पेढीसाठी कर्ज काढायचे ठरते, तेव्हा बँकेचा वकील शोध अहवाल तयार करताना बहिणींच्या सह्या मागतो. भावांना ही अडवणूक वाटते. वस्तुतः बँक केवळ कायद्याने ठरलेले मालक कोण, एवढेच पाहत असते. त्या वेळी घाईघाईने बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवले जाते. ते तिने समजून-उमजून, स्वखुशीने केले, तर वैध आहे. दडपणाने किंवा चुकीची माहिती देऊन घेतलेली संमती मात्र भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार रद्दबातल ठरवून घेण्याचा अधिकार तिला राहतो. म्हणून दस्तावर सही घेण्यापूर्वी बहिणीला तिचा वाटा किती आहे हे आकड्यांत सांगणे, हा प्रामाणिकपणाही आहे आणि व्यवहारातील शहाणपणही.

दुकानाचा उंबरठा

संविधानातील समतेची कलमे प्रामुख्याने शासनाला उद्देशून आहेत. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड मात्र खासगी व्यवहारातही शिरतो. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे येथे प्रवेश नाकारता येत नाही, असे तो सांगतो. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात 'दुकान' हा शब्द नाव घेऊन आलेला आहे, ही गोष्ट व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'दुकान' हा शब्द येथे व्यापक अर्थाने वापरला असल्याचे स्पष्ट केले होते. मोबदला घेऊन सेवा देणारी ठिकाणेही त्यात येतात.

संविधानातील या तत्त्वाचा भंग करणाऱ्यास शिक्षा मात्र अधिनियमानेच होते. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ ची 'दुकान' या शब्दाची व्याख्या घाऊक व किरकोळ विक्रीची जागा, धोबीखाना, केशकर्तनालय, हातगाडी आणि फिरती गाडी यांनाही सामावून घेते. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकण्यास अथवा सेवा देण्यास नकार देणे हा गुन्हा आहे. इतर गिऱ्हाइकांना ज्या वेळी, ज्या जागी आणि ज्या अटींवर माल मिळतो, त्याच वेळी, त्याच जागी आणि त्याच अटींवर तो मिळाला पाहिजे, अशी कायद्याची भाषा आहे. शिक्षा एक महिना ते सहा महिने कारावास आणि दंड अशी आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरून झाले असे न्यायालय गृहीत धरते. ते तसे नव्हते हे आरोपीला सिद्ध करावे लागते.

अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ त्याहून कठोर आहे. २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या सुधारणेने त्यात सामाजिक व आर्थिक बहिष्काराची व्याख्या आली. एखाद्याशी धंदा करण्यास किंवा मजुरीवर काम देण्या-घेण्यास नकार देणे हे आर्थिक बहिष्कारात मोडते. गावातील एखाद्या तंट्यात 'अमक्या वस्तीला किराणा द्यायचा नाही' असा ठराव होतो, तेव्हा तो पाळणारा दुकानदार 'मी केवळ गावाचे ऐकले' असे म्हणून सुटू शकत नाही. थकलेल्या उधारीमुळे माल न देणे ही वेगळी गोष्ट आहे. पण तो नियम सर्व गिऱ्हाइकांना सारखाच लागू असावा आणि वहीत तसे दिसावे.

पेढीवरची माणसे

नोकरीच्या बाबतीत कोणता कायदा लागू होईल हे भेदाच्या आधारावर ठरते. स्त्री-पुरुष वेतनासाठी पूर्वी समान वेतन अधिनियम, १९७६ होता. त्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली. या संहितेवर वर्ष २०१९ चे असले, तरी ती अमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. त्यापूर्वीच्या घटनेला जुना कायदा लागू होतो. संहितेनुसार समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी लिंगाच्या कारणावरून कमी वेतन देता येत नाही. भरतीतही भेद करता येत नाही. काउंटरवरील पुरुष सेल्समनला एक पगार आणि तेच काम करणाऱ्या मुलीला 'घरचा खर्च तिच्यावर थोडाच आहे' म्हणून कमी पगार, ही अनेक बाजारपेठांतील पद्धत या कलमाच्या विरुद्ध आहे. पुरुषाचा पगार कमी करून बरोबरी साधण्यासही मनाई आहे.

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान दुकानातील स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. म्हणजे दुकान लहान आहे म्हणून ते कायद्याच्या कक्षेबाहेर राहत नाही. केवळ दाद मागण्याची जागा बदलते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आले. येथे 'कोणी केला' या तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व दिसते. नोकरीतील भेदभावास थेट मनाई करणारे कलम २० शासकीय आस्थापनेला उद्देशून आहे. खासगी कंपनी, भागीदारी संस्था किंवा न्यास यांना कलम २१ नुसार समान संधी धोरण जाहीर करावे लागते. महाराष्ट्रात या कायद्याखालील दाद पुण्यातील दिव्यांग आयुक्तांच्या कार्यालयात मागता येते. ज्या घरात कर्णबधिर मुलगा किंवा अंध मुलगी आहे, त्या घराने हा कायदा स्वतःसाठी वाचावा. ज्यांची मोठी पेढी आहे, त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठीही वाचावा.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. खासगी व्यक्तीलाही तो स्पष्टपणे बांधतो. नोकरी, घर, शिक्षण, उपचार, विमा अशा कोणत्याही बाबतीत त्या आजाराच्या कारणावरून भेद करता येत नाही. नोकरीची अट म्हणून ती तपासणी सक्तीची करणे, हाही भेदभावच मानला आहे.

घर आणि सोसायटी

घराच्या प्रश्नात कायद्याचा विखुरलेपणा सर्वांत अधिक जाणवतो. एकच घरमालक, एकच घर; पण नकाराचे कारण बदलले की कायदा बदलतो. भाडेकरू एचआयव्हीबाधित आहे म्हणून नकार दिला, तर वरील अधिनियम आडवा येतो. तृतीयपंथी आहे म्हणून दिला, तर तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ आहे. अस्पृश्यतेच्या भावनेतून दिला, तर १९५५ चा अधिनियम निवासाच्या जागेचाही उल्लेख करतो. परंतु खासगी मालकाने केवळ धर्म, भाषा, वैवाहिक स्थिती किंवा आहार यांवरून भाडेकरू नाकारला, तर त्याला थेट लागू होईल असा केंद्रीय अधिनियम नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीचा निकाल महत्त्वाचा आहे. अहमदाबादमधील त्या संस्थेच्या उपविधीत सभासदत्व पारशी समाजापुरते मर्यादित होते. न्यायालयाने तो उपविधी वैध ठरवला. या निकालावर पुष्कळ टीका झाली; पण तो वाचल्याशिवाय या विषयावर मत देऊ नये. त्याच वेळी हेही ध्यानात घ्यावे की तो गुजरातच्या सहकार कायद्याखालील, विशिष्ट नोंदणीकृत उपविधी असलेल्या संस्थेचा निकाल होता. एखाद्या सर्वसाधारण सोसायटीच्या समितीने बैठकीत तोंडी ठरवलेल्या अटीला त्याचा आधार मिळतोच असे नाही.

महाराष्ट्रात सहकारी संस्था अधिनियम, १९६० खुल्या सभासदत्वाचे तत्त्व सांगतो. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि नकाराविरुद्ध निबंधकाकडे दाद मागता येते. शाकाहाराच्या अटीवरून मुंबई-पुण्यात जे वाद होतात, ते अखेरीस 'पुरेसे कारण' या दोन शब्दांपाशी येऊन थांबतात. समितीवर काम करणाऱ्या आपल्या समाजबांधवांनी म्हणूनच आधी नोंदणीकृत उपविधी वाचावेत आणि नकार देण्यापूर्वी त्याचे कारण लेखी देता येईल काय, याचा विचार करावा. जे कारण कागदावर लिहिण्यास संकोच वाटतो, ते निबंधकापुढे टिकणे कठीण असते. आपल्यापैकीच एखाद्या कुटुंबाला दुसऱ्या शहरात, दुसऱ्या समाजाच्या वस्तीत घर घेताना याच कलमाचा आधार घ्यावा लागेल, हेही विसरू नये.

समाजाचा बहिष्कार

आतापर्यंतचे बहुतेक कायदे एका समाजाने दुसऱ्याशी केलेल्या भेदाविषयीचे होते. समाजाने आपल्याच माणसाला वाळीत टाकले तर काय, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात राज्याच्या कायद्यात शोधावे लागते.

त्याला इतिहास आहे. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कार प्रतिबंधक अधिनियम केला. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्यास आव्हान दिले. धार्मिक कारणास्तव बहिष्कृत करण्याचा धर्मप्रमुखांचा अधिकार हिरावून घेणे हे धर्मसंप्रदायाच्या स्वातंत्र्याविरुद्ध आहे, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली बहुमताने तो अधिनियम घटनाबाह्य ठरवला. त्या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या पीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला.

दरम्यान, जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्रात मोठी चळवळ झाली आणि विधिमंडळाने १३ एप्रिल २०१६ रोजी सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक एकमताने संमत केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर ३ जुलै २०१७ पासून तो कायदा अमलात आला. जन्म, धर्म, पंथ, जात किंवा पोटजात यांनी बांधलेला कोणताही समूह त्याच्या कक्षेत येतो. विवाह, अंत्यविधी किंवा धार्मिक कार्यात अडथळा आणणे, समाजाच्या सभागृहात वा प्रार्थनास्थळी प्रवेश नाकारणे, सामाजिक अथवा व्यापारी संबंध तोडण्यास लावणे, ही कृत्ये त्यात गुन्हा ठरतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पीडित व्यक्ती किंवा तिच्या कुटुंबातील कोणीही पोलिसांकडे अथवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकते.

आंतरजातीय विवाह केलेल्या मुलीच्या आईवडिलांना समाजाच्या भोजनास न बोलावण्याचा ठराव, ट्रस्टच्या हिशेबाबद्दल प्रश्न विचारणाऱ्याशी देणे-घेणे बंद करण्याचे आवाहन, असे प्रकार कोणत्याही समाजात घडू शकतात. इतिवृत्तात लिहिलेला असा ठराव हा त्या गुन्ह्याचा पुरावा होऊ शकतो, याची जाणीव विश्वस्तांनी ठेवावी.

अल्पसंख्याक दर्जा आणि कर्ज

२७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग अधिनियम, १९९२ खाली अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. या दर्जामुळे शिक्षणसंस्था, शिष्यवृत्ती व योजना यांबाबत लाभ मिळतात आणि आयोगाकडे गाऱ्हाणे मांडता येते. परंतु आयोग चौकशी करतो आणि शिफारस करतो. त्याची शिफारस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. केवळ आयोगाच्या पत्रावर विसंबून न्यायालयाची मुदत गमावणे धोक्याचे आहे.

कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २००३ साली धनकोंसाठी न्याय्य व्यवहार संहिता दिली. लिंग, जात व धर्म यांवरून कर्ज देताना भेद करू नये, असे ती सांगते. अर्ज नाकारल्यास बँकेकडून कारण लेखी मागावे. बँकेकडे तक्रार करूनही समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. मात्र ताळेबंद कमजोर असल्याने झालेला नकार हा भेदभाव नव्हे, हेही तितकेच खरे.

परदेशी गेलेली मुले

नोकरी-धंद्यासाठी परदेशी गेलेल्या मुलांनाही हीच रीत उपयोगी पडते. हिरे व्यापारामुळे अनेक जैन कुटुंबांचे अँटवर्पशी नाते आहे. बेल्जियममध्ये १० मे २००७ चे केंद्रीय कायदे आहेत. त्याखेरीज फ्लँडर्स या प्रदेशाचा १० जुलै २००८ चा स्वतंत्र अध्यादेश आहे. खासगी नोकरीतील भेदभाव केंद्रीय कायद्याकडे जातो, तर घरभाड्याचा प्रश्न प्रादेशिक कायद्याकडे. ब्रिटनमध्ये समता कायदा, २०१० नऊ आधारांवर संरक्षण देतो. पण उत्तर आयर्लंडला तो लागू नाही, तेथे वेगळे कायदे आहेत. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे नोकरीविषयक प्रकरण १५ किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या मालकास लागू होते. त्याखाली राज्यांचे आणि शहरांचेही कायदे असतात. सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावास मनाई केली. तेथे दुकान चालवणाऱ्या भारतीयाने हे जाणून असावे.

शोधण्याची रीत

कायद्याचा पाठ वाचण्यासाठी भारत शासनाचे 'इंडिया कोड' हे संकेतस्थळ खुले आणि विनामूल्य आहे. तेथे केंद्राचे अधिनियम मिळतात, तसेच राज्यनिहाय शोधल्यास राज्यांचेही. वाचताना पाच गोष्टी पाहाव्यात. पहिली, कायदा अमलात आल्याची तारीख. वेतन संहितेचे उदाहरण वर आलेच आहे. दुसरी, व्याख्यांचे कलम. 'दुकान', 'आस्थापना', 'समाज' हे शब्द तेथे नेहमीच्या बोलण्यापेक्षा वेगळा अर्थ घेऊन येतात. तिसरी, सुधारणा, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाची कर्मचारीसंख्येची मर्यादा २०२५ साली बदलली, म्हणून जुन्या पुस्तकावर विसंबू नये. चौथी, त्याखालील नियम व संस्थांच्या बाबतीत उपविधी. पाचवी, दाद मागण्याचे ठिकाण व मुदत.

कागद जपणे ही व्यापाऱ्याची जुनी सवय येथे कामी येते. नकाराचे पत्र, अर्जाची पोच, संदेश, पगारपत्रक, बैठकीचे इतिवृत्त, हे सारे तारखेनुसार एका फायलीत ठेवावे. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते.

येत्या दीपावलीला पेढीवर नवी वही उघडली जाईल, तेव्हा घरातील जाणत्यांनी काही जुने कागदही एकदा पाहून घ्यावेत : वाटणीपत्रात लेकीचे नाव आहे काय, पगारपत्रकात स्त्रियांचा स्तंभ पुरुषांच्या बरोबरीचा आहे काय, सोसायटीच्या आणि ट्रस्टच्या इतिवृत्तात नाकारलेल्यांची कारणे लिहिलेली आहेत काय. त्यांतील चुका घरच्या घरी दुरुस्त झाल्या, तर कोणालाही न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही.